तळटीपेतला माणूस

फोनवर एक ठरावीक प्रकारची पोस्ट दर आठवड्याला समोर येते. कुणीतरी जॉर्जियात, तुर्कस्तानात किंवा व्हिएतनाममध्ये फिरायला गेलेलं असतं. शेवटची बस चुकते, नाहीतर पाकीट हरवतं. मग एक अनोळखी आजोबा येतात. भाषा येत नसताना खुणांनी बोलतात, घरी नेतात, जेवू घालतात, सकाळी स्टँडवर सोडतात आणि पैसे घेत नाहीत. शेवटची ओळ बहुतेक वेळा एकच: माणुसकीवरचा विश्वास पुन्हा बसला. खाली बदामांचा पाऊस.

मला या पोस्ट आवडतात. त्या खोट्या असतात असंही माझं म्हणणं नाही. माझी तक्रार लिहिण्याच्या पद्धतीबद्दल आहे. गोष्ट संपते तेव्हा आजोबांचं नाव आपल्याला माहीत नसतं. ते पोटापाण्यासाठी काय करतात, शेजाऱ्यांशी त्यांचं पटतं का, दुसरा कुणी दारात आला असता तर त्यांनी दार उघडलं असतं का, यातलं काहीच कळत नाही. आजोबा येतात, प्रवाशाच्या विश्वासाची दुरुस्ती करतात आणि निघून जातात. आमच्या ऑफिसातल्या हेल्पडेस्कसारखं: तिकीट उघडलं, तिकीट बंद झालं.

परक्या मुलखात ओळख ना पाळख अशा माणसाने केलेली मदत लिहायची तरी कशी? या प्रश्नासाठी मी दोन पुस्तकं पुन्हा वाचली. दोन्ही पायी प्रवासाची आहेत. दोन्हींतले प्रवासी विशीच्या आगेमागे आहेत, दोघांचे खिसे जवळजवळ रिकामे आहेत, आणि अनोळखी लोकांनी आसरा दिला नसता तर यातलं एकही पुस्तक लिहिलं गेलं नसतं.

*

पहिलं पुस्तक पॅट्रिक ली फर्मरचं ‘अ टाइम ऑफ गिफ्ट्स’. शाळेतून काढून टाकलेला हा अठरा वर्षांचा इंग्रज मुलगा डिसेंबर १९३३ मध्ये हॉलंडच्या किनाऱ्यावर उतरला आणि कॉन्स्टँटिनोपलच्या दिशेने चालू लागला. खर्चाला आठवड्याला एक पौंड. पुस्तक मात्र आलं १९७७ मध्ये, म्हणजे चव्वेचाळीस वर्षांनी.

नावातच भेटी आहेत आणि त्या पहिल्या काही पानांपासून मिळायला लागतात. डॉर्ड्रेख्टला तो बंदरावरच्या एका खानावळीत जेवता जेवता टेबलावरच झोपी जातो. तिथली माणसं त्याला वरच्या खोलीत नेऊन निजवतात. सकाळी फक्त जेवणाचे पैसे घेतात, खोलीचे घेत नाहीत. पुढे जर्मनीत त्याला एक जुनी रीत सापडते. गरीब वाटसरूने गावच्या बर्गमास्टरकडे, म्हणजे नगराध्यक्षाकडे जायचं आणि एक चिठ्ठी घ्यायची. ती चिठ्ठी खानावळीत दाखवली की रात्रीचं जेवण, बिछाना आणि सकाळची न्याहारी मिळते. बिल गावाच्या खात्यावर.

हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. आपण मदतीकडे एखाद्या भल्या माणसाच्या मनात अचानक उमललेल्या भावनेसारखं बघतो. इथे ती एक व्यवस्था आहे. कुणीतरी पूर्वी ठरवून ठेवलेली, वापरून वापरून गुळगुळीत झालेली. खानावळवाल्याला त्या रात्री फार थोर असायची गरज नाही. चिठ्ठी बघायची आणि खोली दाखवायची, एवढंच.

दुसरी व्यवस्था जास्त दिखाऊ आहे. म्युनिकच्या युवा वसतिगृहातून फर्मरची पाठपिशवी चोरीला जाते. पासपोर्ट, पैसे आणि प्रवासाची डायरी, सगळं त्यात. ब्रिटिश वकिलात त्याला नवा पासपोर्ट आणि पाच पौंड देते. मग तो ओळखीचं पत्र घेऊन एका बॅरनच्या घरी जातो. बाल्टिक प्रदेशातून परागंदा झालेलं ते कुटुंब त्याला ठेवून घेतं, पुन्हा सामानसुमान जमवून देतं, वर होरेस या रोमन कवीची सतराव्या शतकातली छोटी प्रत हातात ठेवतं. शिवाय बॅरन पुढच्या वाटेवरच्या मित्रांना पत्रं लिहितो: असा असा मुलगा येतोय, त्याला ठेवून घ्या. तिथून पुढे आपला भटक्या एका रात्री गोठ्यात झोपतो आणि दुसऱ्या रात्री गढीत.

इथे वाचक म्हणून थोडं अडखळायला होतं. या वाड्यांमधले लोक फर्मरसाठी अनोळखी आहेत, पण अगदीच अनोळखी नाहीत. त्याला लॅटिन येतं, काटा-चमचा कोणत्या हातात धरायचा ते कळतं, त्याच्या खिशात पत्र आहे. दार उघडण्याआधी ओळख पटलेली आहे. तो स्वतः हे लपवत नाही, पण त्यावर फार रेंगाळतही नाही.

*

पुस्तकातला मला सगळ्यात अस्वस्थ करणारा पाहुणचार गढीतला नाही. तो जर्मनीतल्या एका कामगाराच्या माळ्यावरचा आहे. दारूच्या गुत्त्यात या तरुण कामगाराची ओळख होते. तो म्हणतो, चल, माझ्या खोलीत झोप. वर जाऊन बघतो तर भिंतीभर नाझी झेंडे, चिन्हं आणि हिटलरचे फोटो. कामगार हसत सांगतो की गेल्या वर्षी ही खोली बघायला हवी होतीस, सगळीकडे लाल झेंडे आणि लेनिन होता. तो कम्युनिस्ट होता. मग बदलला. त्याचे मित्रही तसेच बदलले.

आता या माणसाचं काय करायचं? तो प्रेमळ आहे, मोकळा आहे, दमलेल्या परदेशी पोराला स्वतःच्या खोलीत जागा देतोय. ‘माणुसकीवरचा विश्वास पुन्हा बसला’ ही ओळ या प्रसंगाखाली लिहून बघा. हात थांबतो. त्याच वर्षी १ एप्रिलला जर्मनीभर ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार घातला गेला होता आणि ७ एप्रिलच्या कायद्याने ज्यूंना सरकारी नोकऱ्यांतून काढायला सुरुवात झाली होती. अठरा वर्षांच्या इंग्रज मुलाला ज्या हिवाळ्यात दारोदारी कॉफी मिळत होती, त्याच हिवाळ्यात त्याच गावांतल्या काही लोकांना स्वतःच्या शेजाऱ्यांची दारं बंद होत चालली होती.

म्हणजे पाहुण्याशी चांगलं वागणं आणि माणूस म्हणून चांगलं असणं या दोन गोष्टी एकाच घरात एकमेकींची गाठ न घेता राहू शकतात. पाहुणा उद्या जाणार असतो. तो जागा मागत नाही, नोकरी मागत नाही, वाटा मागत नाही. खरी परीक्षा असते ती जाणार नसलेल्या माणसाशी कसं वागतो याची. फर्मर हे असं सूत्रात मांडत नाही. तो माळ्यावरची खोली दाखवतो आणि निष्कर्ष आपल्यावर सोडतो. मला ते बरोबर वाटतं.

याचीच दुसरी बाजू त्याच पुस्तकात, आजच्या स्लोव्हाकियातल्या क्यॉव्हेचेश या गावी आहे. तिथे बॅरन शेय नावाचा ज्यू घराण्यातला रसिक गृहस्थ फर्मरला ठेवून घेतो. दोघं पुस्तकांवर गप्पा मारतात. पानं मोठ्या मायेने लिहिलेली आहेत. एडमंड डी वाल यांच्या ‘द हेअर विथ अँबर आइज’ (२०१०) या पुस्तकात हेच गाव पुन्हा भेटतं. १९३८ मध्ये व्हिएन्ना नाझींच्या ताब्यात गेल्यावर शेय घराण्यातली एमी आणि तिचा नवरा व्हिक्टर एफ्रुसी पळून क्यॉव्हेचेशला येतात. त्याच वर्षी एमी तिथेच मरते. व्हिक्टर पुढे इंग्लंडला पोचतो, निर्वासित म्हणून. चार वर्षांपूर्वी ज्या घराण्याने एका भटक्या इंग्रजाला आसरा दिला, त्याच घराण्याच्या लेकीला आणि जावयाला आता आसरा शोधावा लागत होता. ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचली की ‘यजमान’ आणि ‘पाहुणा’ हे शब्द किती तात्पुरते आहेत ते कळतं.

*

फर्मरवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. चव्वेचाळीस वर्षांनी लिहिलेलं इतकं तपशीलवार, इतकं नक्षीदार गद्य खरं मानायचं कसं? आर्टेमिस कूपर यांनी २०१२ मध्ये त्याचं चरित्र लिहिलं. या प्रवासाच्या दुसऱ्या खंडात हंगेरीचं मैदान घोड्यावरून ओलांडल्याचं जे वर्णन आहे त्यात बरंच मीठमसाला आहे, हे त्यांनी दाखवून दिलं. तेव्हा भेटींच्या हकिकतींनाही थोडी कल्हई केलेली असणार, असं धरून चालायला हरकत नाही.

पण एका जागी कल्हई अजिबात नाही. हायडेलबर्गला, १९३३ च्या वर्षअखेरीस, बर्फात भिजून आलेल्या फर्मरला ‘रेड ऑक्स’ नावाच्या जुन्या खानावळीचे मालक, श्पेंगेल कुटुंब, घरचा म्हणून ठेवून घेतात. त्यांचा मुलगा फ्रिट्झ त्याचा मित्र होतो. खानावळीतला एक तरुण ‘इंग्रज’ म्हणून त्याच्यावर डाफरतो, तेव्हा फ्रिट्झलाच लाज वाटते. प्रसंग सुंदर लिहिलाय. पण पानाच्या तळाशी एक टीप आहे.

टीप अशी: हे लिहिताना फर्मरला शंका आली की आपण कुटुंबाचं नाव बरोबर लिहिलंय का आणि त्यांचं पुढे काय झालं. त्याने सरळ ‘मालक, रेड ऑक्स’ अशा पत्त्यावर पत्र टाकलं. उत्तर आलं फ्रिट्झच्या मुलाचं, ज्याचा जन्म १९३९ चा. आजी-आजोबा गेले होते. फ्रिट्झ १९४० मध्ये नॉर्वेत लढाईत मारला गेला आणि ट्रॉन्डहेमला पुरला गेला. फर्मर कंसात एवढंच नोंदवतो की त्याच्या स्वतःच्या रेजिमेंटची पहिली बटालियन तेव्हा तिथेच लढत होती.

एवढंच. ना अश्रू, ना तत्त्वज्ञान. ज्या घराने बिछाना दिला त्या घरचा मुलगा आणि ज्याला बिछाना दिला त्याची पलटण, सहा वर्षांत एकाच आघाडीवर समोरासमोर. अख्ख्या पुस्तकातली सगळ्यात साधी वाक्यं ही आहेत आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचीही. कारण इथे लेखक मजकूर सजवण्याचं थांबवून चौकशी करतो. घेतलेल्या मदतीची खरी दखल ‘किती छान होते ते लोक’ या वाक्यात येत नाही. ती ‘त्यांचं पुढे काय झालं?’ या प्रश्नात येते. फोनवरच्या पोस्टमध्ये नेमका हाच प्रश्न नसतो.

*

दुसरं पुस्तक सतीश कुमार यांचं आत्मकथन, ‘नो डेस्टिनेशन’. राजस्थानातला हा मुलगा नवव्या वर्षी जैन मुनी झाला, अठराव्या वर्षी ते सोडून विनोबांच्या भूदान चळवळीत आला. बर्ट्रांड रसेल वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी अण्वस्त्रांच्या विरोधात तुरुंगात गेले हे वाचून त्याने आणि त्याचा मित्र ई. पी. मेनन यांनी ठरवलं की मॉस्को, पॅरिस, लंडन आणि वॉशिंग्टन या अण्वस्त्रधारी राजधान्यांपर्यंत चालत जायचं. १ जून १९६२ रोजी दिल्लीत गांधींच्या समाधीपासून ते निघाले. मध्ये फक्त समुद्र बोटीने ओलांडले.

निघण्यापूर्वी ते विनोबांकडे आशीर्वादाला गेले. कोकणातल्या गागोद्यात जन्मलेल्या आणि स्वतः भारतभर पायी फिरणाऱ्या या माणसाने त्यांना दोन अटी घातल्या: जवळ पैसा ठेवायचा नाही आणि शाकाहार सोडायचा नाही. ऐकायला हे व्रतवैकल्य वाटतं, पण यामागे पक्कं गणित आहे. खिशात पैसे असतील तर दमलेला माणूस हॉटेल शोधेल, जेवेल, झोपेल आणि कुणाशी न बोलता सकाळी निघेल. पैसे नसतील तर त्याला दार वाजवावंच लागेल. जेवताना ‘मांस का नको?’ असा प्रश्न येणारच, आणि मग अहिंसेपासून अणुबाँबपर्यंत बोलणं जाणारच. फर्मरकडे पैसे कमी होते म्हणून भेटी घडल्या. इथे पैसे मुद्दाम काढून टाकले आहेत, भेटी घडाव्यात म्हणून.

पुस्तकातला कळीचा प्रसंग पाकिस्तानच्या सीमेवरचा. निरोप द्यायला आलेली जिवाभावाची माणसं जेवणाची पाकिटं पुढे करतात. तिकडे शत्रूचा मुलूख, निदान एवढं तरी न्या. सतीश कुमार ती घेत नाहीत. त्यांच्या लेखी त्या पाकिटांत अन्नासोबत अविश्वास बांधलेला आहे. ते उपाशीच सीमा ओलांडतात आणि थोड्याच अंतरावर एक अनोळखी माणूस त्यांना थांबवून विचारतो, शांततेसाठी चालत येणारे दोन हिंदुस्थानी तुम्हीच का? त्याने त्यांच्याबद्दल वाचलेलं असतं आणि तो त्यांचीच वाट बघत असतो.

हा प्रसंग भावतो तो प्रवाशाने काहीतरी पणाला लावल्यामुळे. आपण मदत देणाऱ्याच्या मोठेपणाबद्दल बोलतो, पण मदत घेण्यालाही धैर्य लागतं. दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या अन्नावर, दुसऱ्याच्या मर्जीवर राहायचं, आणि तेही जो देश शत्रू म्हणून शिकवला गेला तिथे.

तरी या पुस्तकाबद्दलही माझी एक कुरकुर आहे. काळ्या समुद्राजवळच्या चहाच्या कारखान्यातली एक बाई त्यांना चहाच्या चार पुड्या देते: चार अण्वस्त्रधारी देशांच्या नेत्यांना एकेक द्या आणि सांगा, बटण दाबायची लहर आली तर आधी थांबून एक कप चहा प्या. गोष्ट अप्रतिम आहे. पण सतीश कुमार ती गेली साठ वर्षं व्याख्यानांतून सांगत आलेत आणि सांगून सांगून तिची बोधकथा झाली आहे. ती बाई आता शांततेचं चिन्ह आहे. तिच्या हाताला पानांचा वास येत होता का, तिच्या घरचं कुणी युद्धात गेलं होतं का, हे आपल्याला कळत नाही.

मात्र वाट सगळीकडे फुलांची नव्हती, हे पुस्तक लपवत नाही. पॅरिसमध्ये त्यांना तुरुंगात टाकलं गेलं. अमेरिकेच्या दक्षिण भागात, काळ्या-गोऱ्यांना वेगळं बसवण्याच्या त्या काळात, एका उपाहारगृहाच्या मालकाने सतीश कुमारांवर पिस्तूल रोखलं. फर्मरच्या पुस्तकात त्याचा रंग कुठेही आड येत नाही, म्हणून तो दिसतच नाही. इथे तो दिसतो. ही दोन पुस्तकं एकत्र वाचण्याचा मला झालेला मोठा फायदा हाच.

*

आणि आता आपला काळ. सतीश कुमारांचा प्रवास आज एखाद्या भारतीय मुलाला करता येईल का? दमायची तयारी असेल, घरचे हो म्हणतील. पण व्हिसा?

शेंगेन व्हिसाचा अर्ज ज्यांनी भरलाय त्यांना यादी पाठ असेल. बँक स्टेटमेंट, पगाराच्या स्लिपा, हॉटेलचं बुकिंग, परतीचं तिकीट, किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा. जर्मनीतला कुणी तुमचा खर्च उचलणार असेल तर त्याने तिथल्या सरकारी कार्यालयात जाऊन तशी रीतसर हमी द्यायची. पहिल्यांदा ही फाइल तयार करताना मला जाणवलं की हा सगळा कागदांचा गठ्ठा मिळून एकच प्रतिज्ञापत्र आहे: मला तुमच्या देशात कुणाच्याही मदतीची गरज पडणार नाही. विनोबांची अट बरोबर उलटी करून टाकलेली. खिशात पैसे नसलेल्या भारतीयाला दार वाजवण्याची संधी मिळण्याआधीच विमानतळावरून परत पाठवलं जाईल.

म्हणून त्या पोस्टमधल्या बस चुकलेल्या प्रवाशाकडे मी आता वेगळ्या नजरेने बघतो. त्याची अडचण खरी असते, पण तिला खालून जाळी लावलेली असते: विमा, कार्ड, घरून येणारे पैसे. याच रस्त्यांवरून सिरियातून, अफगाणिस्तानातून निघालेली माणसंही चालत गेली. त्यांनाही कुणी कुणी पाणी दिलं, कुणी कुणी कुत्री सोडली. अनोळखी माणसाच्या चांगुलपणावर लिहिताना एवढं भान ठेवलं तर आनंदाला काही कमीपणा येत नाही. उलट आजोबांनी आपल्यासाठी दार उघडलं ही गोष्ट किती साधी नव्हती, ते कळतं.

*

मराठीत या विषयावरची सगळ्यात मोठी गोष्ट आपण जवळजवळ अर्धीच सांगत आलो आहोत. आनंदीबाई जोशी म्हटलं की डोळ्यांसमोर नवरा-बायको येतात. श्री. ज. जोशींच्या १९६८ च्या कादंबरीचं नाव ‘आनंदी गोपाळ’, २०१९ च्या चित्रपटाचंही तेच. हट्टी नवरा आणि सोसणारी, पुढे निघून जाणारी बायको, हे नाट्य जबरदस्त आहे हे मान्य. पण त्या नावात एक तिसरं नाव नाही.

थिओडिशिया कार्पेंटर. न्यू जर्सीतल्या रोझेल गावची बाई. बायकोला शिकवण्यासाठी गोपाळरावांनी एका मिशनऱ्याला लिहिलेलं पत्र अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापून आलं. संपादकाचा सूर असा की ख्रिस्ती झालात तर बघू. दाताच्या डॉक्टरकडे नंबर येईपर्यंत कार्पेंटरबाईंनी ते अंक चाळता चाळता वाचलं आणि समुद्रापलीकडच्या त्या अनोळखी मुलीला आपणहून पत्र लिहिलं. धर्म बदलण्याची अट घातली नाही. पत्रव्यवहार वर्षानुवर्षं चालला, आनंदी आजारी असताना त्यांनी औषधंही पाठवली. जून १८८३ मध्ये एकटी आनंदी न्यूयॉर्कला उतरली तेव्हा घ्यायला त्याच आल्या होत्या. आनंदी त्यांना मावशी म्हणायची.

आमच्या पिढीतले कितीतरी जण शिकायला नाहीतर नोकरीला अमेरिकेत उतरतात. या वाटेवर सुरुवातीलाच दाताच्या दवाखान्यातलं एक जुनं मासिक आणि एका बाईने उत्स्फूर्तपणे उचललेली लेखणी आहे, हे आपल्या पाठ्यपुस्तकांनी सांगायला हवं होतं.

१८८६ मध्ये आनंदी डॉक्टर झाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावं वर्षही पूर्ण व्हायच्या आत, पुण्यात गेली. तिची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आली. त्यांनी ती न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी इथे, आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवली. तिथे आजही कार्पेंटर घराण्यातल्या माणसांच्या मधोमध एका दगडावर आनंदीचं नाव आहे.

फर्मरच्या तळटीपेत पाहुण्याने यजमानाची चौकशी केली आहे. इथे यजमानाने पाहुणीचं नाव दगडावर कोरून ठेवलं. कार्पेंटरबाईंबद्दल आपण आपल्या भाषेत किती लिहिलं, हे तुम्ही आता शोधून बघा. मी शोधलं. हाताला जे लागलं ते फार थोडं आहे.